वर्ध्याचे ऊन आणि घरातील मत्स्यपेटी

वऱ्हाड आणि नागपूर यांच्या मधोमध पसरलेल्या वर्धा जिल्ह्यात सूर्याविषयी कृतज्ञतेने बोलण्याची चाल फारशी नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे सरकतो, दुपारचे रस्ते निर्मनुष्य होतात, दारेखिडक्या लोटून घेऊन कुटुंबे कूलरच्या ओलसर वाऱ्यात दिवस काढतात, आणि ज्याच्या घराची पश्चिमेची भिंत उघडी आहे त्याला ती भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेलीच लागते. अशा मुलखात ज्याच्या मनात घरी मत्स्यपेटी ठेवावी, तीत केवळ मासेच नव्हे तर जिवंत पाणवनस्पतीही लावाव्यात, असे येते, त्याला भोवतालची माणसे जो पहिला सल्ला देतात तो हा, की टाकीला उन्हाचा कवडसाही लागू देऊ नये. ऊन लागले की पाणी हिरवे होते, काच शेवाळते आणि मासे मरतात. हा सल्ला अनुभवातून आलेला आहे आणि त्यातील भय खरे आहे. परंतु तो जसाच्या तसा अंमलात आणणारा गृहस्थ टाकी खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो, तिच्यावर विजेचा दिवा लावतो, आणि दाराशी विनामूल्य येणाऱ्या ज्या प्रकाशावर पृथ्वीवरील यच्चयावत हिरवे जीवन पोसले गेले त्यालाच परतवून लावतो. वर्ध्याच्या घरात प्रश्न ऊन घ्यावे की न घ्यावे असा नसून, ते कोणत्या दिशेने, कोणत्या प्रहरी आणि कोणत्या ऋतूत घ्यावे असा आहे, आणि त्याचे उत्तर थोड्या निरीक्षणाने व थोड्या गणिताने कोणालाही काढता येण्याजोगे आहे.

पाणवनस्पती आणि सूर्यप्रकाश यांचा संबंध विज्ञानाला कळला तो काचेच्या भांड्यातील पाण्याकडे पाहूनच. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने हिरवी पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तेव्हा त्यांच्यावर बारीक बुडबुडे धरताना त्याला दिसले. तीच पाने सावलीत नेताच बुडबुडे थांबले. उष्णतेचा हा परिणाम नसून प्रकाशाचाच आहे, हे त्याने निरनिराळ्या प्रयोगांनी ठरवले. पुढे १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पती आणि कुजलेले भाग व शेवाळ खाऊन टाकणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून, पाणी न बदलताही हा संसार दीर्घकाळ चालू शकतो असे तेथील रसायन परिषदेपुढे मांडले. घरगुती मत्स्यपेटीचा जन्म या निबंधातून झाला असे मानण्यास हरकत नाही. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. वॉरिंग्टनच्या वनस्पती जगल्या त्या खिडकीतून येणाऱ्या लंडनच्या मंद, धुरकट प्रकाशावर. जी वनस्पती तेवढ्या उजेडात तगली तिला वर्ध्याच्या सूर्याचा एक अंशही पुरेसा व्हावा, हे ओघानेच आले, आणि उरलेल्या अंशांचे काय करायचे ही आपल्यापुढील अडचण आहे.

आपल्याकडील शाळांतून इंगेनहाउसचाच प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला जातो. चंचुपात्रातील पाण्यात हायड्रिलाच्या काही फांद्या, त्यांच्यावर पालथे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि सारे साहित्य उन्हात. थोड्याच वेळात फांद्यांच्या छाटलेल्या टोकांतून बुडबुड्यांची सर निघू लागते आणि नळीच्या टोकाशी प्राणवायू जमतो. हायड्रिला ही आपल्या तळ्याकालव्यांतील अगदी सामान्य वनस्पती आहे. ज्याने हा प्रयोग लक्षपूर्वक केला त्याला मत्स्यपेटीचे अर्धे शास्त्र कळले, कारण प्रकाश आला की वनस्पती पाण्यातील कर्बवायू घेते, प्राणवायू सोडते आणि आपले शरीर वाढवते, आणि प्रकाश गेला की तीही माशांप्रमाणेच केवळ श्वसन करते. १८८२ साली थिओडोर एंगेलमान याने लोलकातून निघालेला रंगपट्टा एका हिरव्या शेवाळाच्या तंतूवर पाडला आणि प्राणवायूकडे धावणारे सूक्ष्म जंतू तांबड्या व निळ्या भागांपाशी गोळा होताना पाहिले. हरितद्रव्य हेच रंग मुख्यत्वे वापरते आणि हिरवा बराचसा परत पाठवते, हे त्यावरून उघड झाले. सूर्यप्रकाशात हे सर्व रंग भरपूर असतात, आणि घरगुती टाकीतील हात-सव्वा हात खोल पाणी त्यांपैकी फारच थोडे गिळते. गुणाच्या दृष्टीने, म्हणून, सूर्याच्या प्रकाशात काहीही उणे नाही. आपल्या चिंतेचा सारा विषय त्याचे परिमाण हा आहे.

परिमाणाच्या बाबतीत मनुष्याचा डोळा हा अतिशय अविश्वसनीय साक्षीदार आहे, कारण तो अंधाराशी आणि उजेडाशी क्षणात जुळवून घेतो आणि फरकाची दाद लागू देत नाही. उघड्यावर भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स भरते; ढगाळ दिवशी बाहेरचा उजेड दहा-वीस हजारांवर येतो; आणि ज्या खोलीत आपण निवांतपणे वर्तमानपत्र वाचतो, त्या खोलीत खिडकीपासून चार पावलांवर तो कित्येकदा दोन-तीनशे लक्सच असतो. जावा मॉस, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या काटक वनस्पतींना दिवसाचे आठदहा तास दीड-दोन हजार लक्स मिळाले तरी त्या संथपणे वाढतात. हायड्रिला तर पूर्ण उन्हाच्या सुमारे एक टक्का उजेडातही आपला जमाखर्च तोंडमिळवणीला आणू शकते, आणि म्हणूनच गढूळ पाण्याच्या तळाशीही ती जगते. ताम्रवर्णी पानांच्या रोटालासारख्या वनस्पतींना याहून कितीतरी अधिक प्रकाश लागतो आणि तो मिळाला तरच त्यांची लाली खुलते. आकड्यांची ही तुलना केली की खोलीच्या आतल्या कोपऱ्यातील टाकी अक्षरशः उपाशी असते, आणि खिडकीच्या थेट उन्हात ठेवलेली टाकी गरजेच्या वीस-तीसपट खुराकाखाली दडपलेली असते, हे ध्यानात येते. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे एवढेच काय ते आपले काम.

प्रकाश मुबलक झाला म्हणजे वनस्पती त्या प्रमाणात वाढत का नाहीत, हा प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर कर्बवायूच्या टंचाईत आहे. हवेत कर्बवायूचे कण ज्या वेगाने पसरतात त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने ते पाण्यात पसरतात; शिवाय हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच असतो. रात्रभर माशांच्या, वनस्पतींच्या आणि तळातील कुजणाऱ्या द्रव्यांच्या श्वसनातून टाकीत याहून बराच अधिक साठा जमतो. सूर्योदयानंतर वनस्पती त्यावर तुटून पडतात, आणि प्रकाश कडक असेल तर काही तासांतच तो साठा संपतो. त्यानंतर कितीही ऊन पडले तरी त्या वनस्पतींना त्याचा उपयोग नाही, आणि निरुपयोगी ठरलेले ते ऊन शेवाळाच्या पदरात पडते. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतियुक्त मत्स्यालयाच्या परिस्थितिविज्ञानावरील ग्रंथात, तळाशी साधी माती घालून आणि खिडकीच्या प्रकाशाचा उपयोग करून टाकी चालवण्याची पद्धत सविस्तर मांडली आहे. दिव्यांच्या बाबतीतही सकाळ-संध्याकाळच्या उजेडाच्या मध्ये दुपारी काही तासांची विश्रांती ठेवावी, म्हणजे कर्बवायूचा साठा पुन्हा भरून निघतो, असे त्या सांगतात. पूर्वेकडे तोंड असलेली खिडकी ही विश्रांती आपोआपच देते: सकाळी ऊन, आणि पुढे दिवसभर केवळ विखुरलेला सौम्य उजेड. रात्रभर साठलेला कर्बवायू आणि सकाळचे ऊन यांची गाठ पडावी यापेक्षा वनस्पतीच्या दृष्टीने दुसरी सोईस्कर तजवीज नाही.

वर्ध्याच्या पाण्याचा एक विशेष येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. हा जिल्हा बव्हंशी काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, आणि त्या खडकातून पाझरलेले विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः जड असते. भांड्यांच्या बुडाशी बसणारा पांढरा थर प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. जड पाणी म्हणजे मत्स्यपेटीला अपाय, अशी समजूत आढळते, पण ती सरसकट खरी नाही. जड पाण्यात बायकार्बोनेट क्षार विपुल असतात, आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम यांसारख्या वनस्पती विरघळलेला कर्बवायू संपल्यावर या क्षारांतूनच कर्ब काढून घेण्याची शक्ती बाळगून असतात. पाणशेवाळी व कॅबोम्बा यांना ती शक्ती नाही, म्हणून जड पाण्यात आणि कडक उन्हात त्या खंगतात. एका वनस्पतीला जे ऊन पौष्टिक ते शेजारच्या दुसरीला मारक का ठरते, याचा उलगडा येथे होतो. मात्र या क्रियेला एक दुसरी बाजू आहे. बायकार्बोनेटातून कर्ब काढला जाऊ लागला की पाण्याचा सामू चढतो, पानांवर चुन्याची खरखरीत साय धरते, आणि उन्हात ठासून भरलेल्या टाकीत तिसऱ्या प्रहरी सामू नऊच्या आसपासही जाऊ शकतो. माती परीक्षणाच्या दाखल्यामुळे सामू हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. माशांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या अमोनियापैकी विषारी रूपातील अंश, पंचवीस अंश तापमानाला, सामू सात असताना शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो, तोच सामू नऊ झाल्यावर एकतृतीयांशाहून अधिक होतो. टाकीत मासे दाटीने कोंबलेले असले, त्यांना अन्न सढळ हाताने घातले जात असले आणि दुपारचे ऊन थेट पडत असले, तर मासे सायंकाळी का तडफडतात, याचा शोध पाण्यात कोणते औषध घालावे या दिशेने न घेता याच दिशेने घ्यावा.

आता पाणी हिरवे होण्याविषयी. हिरवे पाणी म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळांची अगणित प्रजा. त्यांचा देह इतका सूक्ष्म की पाण्यातील अन्नद्रव्ये शोषण्यास त्यांना मुळे लागत नाहीत, आणि अनुकूल स्थितीत त्यांची संख्या एका दिवसातही दुप्पट होऊ शकते. नव्या टाकीत वनस्पतींची मुळे अजून धरलेली नसतात, मासे मात्र पहिल्या दिवसापासून अमोनिया सोडू लागतात, आणि अशा वेळी खिडकीतून ऊन आले की ती सारी संपत्ती या सूक्ष्म जीवांच्या हाती जाते. दोष उन्हाला दिला जातो. खरा दोष असतो तो वनस्पतींच्या तुटपुंजेपणाचा आणि अन्नाच्या अतिरेकाचा. आरंभीचे पाच-सहा आठवडे टाकी पडद्याआड ठेवावी, तिच्यात जलद वाढणाऱ्या वनस्पती दाटीने लावाव्यात, मासे मोजके ठेवावेत, आणि नंतर ऊन हळूहळू वाढवावे, म्हणजे हे संकट बहुधा येतच नाही. आलेच, तर टाकी जाड कापडाने तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवणे हा निरुपद्रवी उपाय आहे. त्या मुदतीत हवेच्या पंपाचा पुरवठा मात्र चालू असावा. पाणपिसू हा शेवाळभक्षक सूक्ष्म जीव मिळाला तर तो हे पाणी आरशासारखे स्वच्छ करतो, आणि पिले वाढवणारे लोक तर असे हिरवे पाणी मुद्दाम तयार करतात. खिडकीकडील काचेवर धरणारे शेवाळ खरवडून काढण्याचाही अट्टहास करू नये, असे माझे मत आहे; समोरची काच स्वच्छ ठेवावी आणि मागच्या काचेवरील हिरवा थर तसाच राहू द्यावा, म्हणजे तोच उन्हाला गाळणारा पडदा होतो आणि पाण्यातील अन्नद्रव्यांचा काही भागही आपल्याकडे ओढून घेतो. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या लेमना, गोंडाळ यांसारख्या वनस्पतींचेही कार्य असेच दुहेरी आहे, कारण त्यांची पाने हवेतील कर्बवायू घेत असल्यामुळे पाण्यातील टंचाई त्यांना बाधत नाही आणि पूर्ण उन्हाचाही त्या उपयोग करून घेतात.

दिशांचा विचार करताना वर्ध्याचे भूगोलातील स्थान नेमके ठाऊक असावे. वर्धा शहर सुमारे २०.७५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस पावणेतीन अंशांहूनही कमी अंतरावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य येथे मध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आणि वर्धा सुमारे ७८.६ अंशांवर, त्यामुळे सूर्य येथे सरासरीने सव्वाबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून केवळ सेहेचाळीस अंश उंच असतो. विषुवदिनी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारे २१-२३ तारखांना, तो एकोणसत्तर अंशांवर असतो. दिवसाची लांबी डिसेंबरात अकरा तासांहून थोडी कमी आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या थोडी वर असते. म्हणजे काळाचा फरक अडीच तासांचा, पण दिशेचा आणि उंचीचा फरक मात्र प्रचंड.

हे आकडे दक्षिणेच्या खिडकीला लावून पाहावेत, कारण त्यांतून निघणारा निष्कर्ष मोठा मनोहर आहे. समजा, चार फूट उंचीची दक्षिणाभिमुख खिडकी आहे आणि तिच्या वरच्या कडेलगत दीड फुटाचा छज्जा पुढे आलेला आहे. विषुवदिनी या छज्ज्याची सावली जवळजवळ चार फूट खाली येते, म्हणजे संपूर्ण खिडकी झाकली जाते. आणि भूमितीचा एक सुंदर योग असा की, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दक्षिण भिंतीवरील छज्ज्याच्या सावलीची खोली तेवढीच राहते. त्यानंतर संपूर्ण उन्हाळाभर या खिडकीतून थेट ऊन आत येतच नाही. उलट डिसेंबरात मध्यान्हीही सावली दीड फुटाच्या आसपासच उतरते, आणि खालच्या अडीच फुटांतून ऊन खोलीत शिरते. सकाळी व तिसऱ्या प्रहरी ते याहूनही खोलवर पोहोचते. थोडक्यात, साध्या दीड फुटाच्या छज्ज्याखालील दक्षिणेची खिडकी सप्टेंबरअखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टाकीला ऊन देते आणि ज्या दिवसांत ऊन घातक त्या दिवसांत ते स्वतः होऊन बंद करते. सेवाग्रामच्या आश्रमातील कुटींना असलेल्या पडव्या, किंवा आपल्या जुन्या कौलारू घरांच्या ओसऱ्या, याच हिशेबावर उभ्या आहेत. बांधणाऱ्यांनी कोनमापक हाती धरला नसेल, परंतु सावलीची रुजुवात त्यांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी केलेली होती.

उत्तरेच्या खिडकीतून वर्षभर सौम्य उजेड येतो आणि जूनच्या आगेमागे सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊनही येते, कारण त्या दिवसांत सूर्य पूर्वबिंदूच्या पंचवीस अंश उत्तरेस उगवतो. जावा मॉस, अनुबियास यांना ही खिडकी पुरते; इतरांना दिव्याची जोड द्यावी लागते. पूर्वेच्या खिडकीचा गौरव वर आलाच आहे. पश्चिमेच्या खिडकीविषयी मात्र कोणतीही सवलत देण्याची माझी तयारी नाही. मे महिन्यात येथे सूर्यास्त सात वाजण्याच्या दहाएक मिनिटे आधी होतो. तीन ते साडेसहा या वेळात, हवा दिवसातील परमोच्च तापमानाजवळ असताना, वनस्पतींचा कर्बवायू संपलेला असताना आणि पाणी आधीच तापलेले असताना तेथून ऊन येते, म्हणजे प्रत्येक दृष्टीने अवेळी येते.

उष्णतेचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशा टाकीत साधारण साठ लिटर पाणी मावते. तिच्या लांब बाजूवर खिडकीतून दोन तास स्वच्छ ऊन पडले, तर काचेवरून परतणारा भाग वजा जाता, पाण्याचे तापमान तीनएक अंशांनी वाढण्याइतकी उष्णता आत येते. डिसेंबरच्या पहाटे थंडीने गारठलेल्या टाकीला ही वाढ वरदानच आहे. मेमध्ये, मुळात बत्तीस-तेहेतीस अंशांवर असलेल्या पाण्याला ती सोसत नाही. कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर पस्तीस अंशांना सुमारे सातच. आणि नेमक्या त्याच वेळी माशांचा व जंतूंचा श्वास जलद चालू असतो. दिवसा वनस्पती ही तूट भरून काढतात, रात्री त्याही प्राणवायू ओढणाऱ्यांत सामील होतात. म्हणून उन्हाळ्यात मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात ते बहुधा पहाटे. दिवसाच्या उन्हाने वनस्पतींचे रान जितके दाट माजले असेल तितकी ही पहाट अवघड जाते, हे विसरू नये. लहान भांड्यांत तर तापमान दिवसभरात इतके खालीवर होते की पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखे विकार माशांना सहज पछाडतात. सोनेरी मासा थंड पाण्याचा रहिवासी. त्याला वर्ध्याच्या उन्हाळ्यात ठेवणे मला निर्दयपणाचे वाटते. हिवतापाच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खाते ज्यांना विहिरी-डबक्यांत सोडते ते गप्पी मासे मात्र हे चढउतार पुष्कळच सोसतात.

परंतु निसर्गाने जेथे हा ताप दिला तेथेच त्याचा उताराही दिला आहे, आणि तो म्हणजे मे महिन्यातील कोरडी हवा. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता जाते, ती साठ लिटर पाणी नऊ अंशांहून अधिक थंड करण्याइतकी असते. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने उघडी टाकीही गार होते. टाकीवरील काचेचे झाकण काढून तेथे जाळी बसवावी आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा नेईल असा ठेवावा, एवढ्याने दोन ते चार अंशांचा उतार मिळतो. रोज उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र विहिरीच्या जड पाण्याने घालू नये, कारण वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागेच राहतात आणि महिन्याभरात पाणी अधिकाधिक खारावत जाते. साठवलेले पावसाचे पाणी किंवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी या भरपाईसाठी वापरावे. खिडकीवर पातळ पांढऱ्या खादीचा पडदा असला की थेट ऊन विखुरले जाते, उजेड राहतो आणि दाह ओसरतो. आणि ज्या गोल काचेच्या भांड्यात दुकानदार मासे विकतात ते भांडे तर उन्हात कधीच ठेवू नये. पाण्याने भरलेला काचेचा गोल हा बहिर्गोल भिंगाचे काम करतो, आणि त्यातून एकवटलेल्या किरणांनी कागद वा कापड पेट घेऊ शकते.

पावसाळा हा याच्या अगदी उलट मामला. जून ते सप्टेंबर या काळात जिल्ह्यात सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दिवसच्या दिवस आभाळ भरलेले राहते. खिडकीतील उजेड एकदशांशावरही येतो. एप्रिलमध्ये जोमाने वाढलेल्या वनस्पती जुलैत फिकट पडतात, त्यांची पेरे लांबतात, खालची पाने गळतात, आणि गळलेली पाने कुजून पाण्याचा प्राणवायू खातात. या दिवसांत तरंगत्या वनस्पती निम्म्याहून कमी कराव्यात, पडदा दूर सारावा, माशांचे अन्न कमी करावे आणि चार-पाच तास एलईडी दिव्याची जोड द्यावी. दिव्याची खरी गरज वर्ध्याला आहे ती याच चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने तो सायंकाळी टाकी पाहण्याची हौस भागवण्यापुरता असतो.

मातीविषयी दोनच शब्द. शेतातील काळी माती पाण्यात फुगते आणि तिचे चिकण कण दीर्घकाळ तरंगत राहून पाणी गढूळ करतात. त्यापेक्षा खत न घातलेली पोयट्याची माती बोटभर थर देऊन घालावी आणि तिच्यावर धुतलेल्या जाड वाळूचा थर द्यावा. छाटलेल्या वनस्पती धाम, बोर, वेणा वा कोणत्याही नदीनाल्यात टाकू नयेत, वाळवून कुंडीत घालाव्यात. आपली निरुपद्रवी हायड्रिला मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात गेली आणि तेथील जलाशयांवर तिने जो कब्जा केला तो सोडवण्यासाठी त्या सरकारला दशकानुदशके पैसा ओतावा लागत आहे. बाहेरून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले हे तर आपण डोळ्यांनी पाहतोच.

१९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने नई तालीमचा पाया घातला, हाताने काम करता करता ज्ञान मिळावे हा तिचा आग्रह होता. त्या आग्रहाला साजेसा एक उद्योग वाचकांनी आपल्या मुलांबरोबर जरूर करावा. टाकी विकत घेण्यापूर्वी ती जेथे ठेवायची त्या जागी एक पांढरा कागद अंथरावा, आणि दर पंधरवड्याला एकदा, सकाळी, दुपारी आणि चार वाजता, त्यावर पडणाऱ्या उन्हाच्या कडा पेन्सिलीने आखून तारीख घालावी. डिसेंबर आणि मे या दोन महिन्यांच्या रेषा हाती आल्या की निर्णय आपोआप होतो. ज्या जागी डिसेंबरात सकाळचे दीड-दोन तास ऊन पडते आणि मेमध्ये नऊनंतर ते नाहीसे होते, ती जागा वनस्पतींच्या टाकीला उत्तम. ज्या जागी मेमध्ये चार वाजता कागदावर ऊन आढळते, ती जागा, तेथून टाकी कितीही शोभून दिसली तरी, वर्ज्य समजावी.